एकाच वेळी चार पुस्तकं आणि स्पीड रीडिंग : जमतं का, आणि फोन किती मदत करतो?

कोल्हापुरात स्पर्धा परीक्षेच्या कुठल्याही अभ्यासिकेत जा, एका टेबलावर एकच पुस्तक दिसणं अवघड. राज्यघटनेचं जाड पुस्तक उघडं, त्याखाली इतिहासाच्या नोट्स, बाजूला आजचा पेपर, फोनमध्ये अर्थशास्त्राची पीडीएफ आणि बॅगेत रात्रीसाठी एखादी कादंबरी. हे सगळं संपवायचं कधी, असा प्रश्न पडला की माणूस प्ले स्टोअर उघडतो आणि ‘स्पीड रीडिंग’ शोधतो. मग मिनिटाला हजार शब्द वाचायला शिकवणाऱ्या ॲप्सच्या आणि कोर्सेसच्या जाहिराती पाठ सोडत नाहीत.

माझी मावसबहीण राज्यसेवेची तयारी करते. “दादा, असा कोर्स घेऊ का?” असं तिनं मला विचारलं. फी थोडीथोडकी नव्हती आणि पूर्वपरीक्षेला जेमतेम तीन महिने उरले होते. पैसे परत कमावता येतात, तीन महिने येत नाहीत. तिला उत्तर देण्यासाठी मी जे वाचलं आणि फोनवर करून पाहिलं, ते इथे मांडतोय.

उत्तर आधीच सांगून टाकतो. अनेक पुस्तकं एकदम वाचता येतात. वाचनाचा वेगही काही प्रमाणात वाढतो. पण सगळ्या पुस्तकांना एकच वेग लावायला गेलात, तर दोन्ही फसतं. का, ते बघूया.

वाचताना डोळे नक्की काय करतात?

आपल्याला वाटतं की डोळे ओळीवरून सरळ सरकत जातात. तसं नसतं. डोळे उड्या मारतात. एका ठिकाणी साधारण पाव सेकंद थांबतात, पुढे झेप घेतात, पुन्हा थांबतात. अक्षरं वाचली जातात ती थांबल्यावर. उडी चालू असताना जवळपास काहीच टिपलं जात नाही. आणि चांगल्या वाचकांचे डोळेसुद्धा शंभरातल्या दहा-पंधरा उड्या मागे मारतात, म्हणजे वाचून झालेल्या शब्दांकडे परत जातात.

आता ‘एका नजरेत अख्खी ओळ’ हा दावा तपासू. हात सरळ समोर धरा आणि अंगठ्याच्या नखाकडे बघा. साधारण तेवढ्याच भागात आपली नजर एकदम तीक्ष्ण असते. आजूबाजूचं दिसतं, पण बारीक अक्षर ओळखण्याइतकं स्पष्ट नाही. ही डोळ्याच्या आतल्या पडद्याची रचना आहे. कितीही सराव केला तरी नखाएवढा भाग पंजाएवढा होत नाही.

दुसरा नेहमीचा सल्ला म्हणजे ‘मनातल्या मनात उच्चार करणं बंद करा’. हलक्याफुलक्या बातमीला हे चालून जाईल. पण वाक्य लांब आणि अवघड असेल, तर तो मनातला आवाजच शब्द धरून ठेवायला मदत करतो. राज्यघटनेतलं एखादं कलम वाचून बघा. ‘परंतु’पासून पुढचा भाग आपण आपोआप मनात घोळवतो. तिथे आवाज दाबला तर अर्थ निसटतो.

स्पीड रीडिंगचा हा सगळा बाजार तसा जुना आहे. अमेरिकेत एव्हलिन वुड या शिक्षिकेनं १९५९ मध्ये वेगवान वाचनाचे वर्ग सुरू केले आणि ते खूप गाजले. त्यानंतर २०१६ मध्ये कीथ रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावरच्या संशोधनाचा मोठा आढावा प्रसिद्ध केला. त्यांचा निष्कर्ष साधा होता. वेग खूप वाढवला की समज कमी होते. अडचण डोळ्यांच्या हालचालीची कमी आणि शब्द ओळखून वाक्याचा अर्थ लावण्याची जास्त असते. म्हणून वाचन खरंच वेगवान करायचं असेल, तर भाषेवरची आणि विषयावरची पकड वाढवावी लागते.

एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. मार्क ब्रिस्बार्ट या संशोधकानं २०१९ मध्ये १९० अभ्यास एकत्र तपासले. इंग्रजीत मनातल्या मनात वाचणाऱ्या प्रौढांचा सरासरी वेग माहितीपर मजकुरासाठी मिनिटाला २३८ शब्द आणि कथा-कादंबरीसाठी २६० शब्द निघाला. हजार शब्दांची जाहिरात समोर आली की हे आकडे आठवा.

ॲप काय करतं, आणि काय हिरावून घेतं?

स्पीड रीडिंगची बरीच ॲप्स एकाच तत्त्वावर चालतात. स्क्रीनच्या मध्यभागी एकेक शब्द झपाझप चमकतो. डोळे जागेवर, शब्द पळतात. २०१४ मध्ये स्प्रिट्झ नावाच्या कंपनीमुळे ही पद्धत एकदम चर्चेत आली. डोळ्यांच्या उड्यांचा वेळ वाचतो, म्हणून वेग वाढतो, असा हिशोब.

पण यात मागे जायची सोय जाते. २०१४ मध्येच एलिझाबेथ शॉटर आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. वाचून झालेले शब्द झाकून टाकले, म्हणजे वाचकाला परत बघताच येऊ नये. समज घटली. थोडक्यात, मागे वळून बघणं हा आळस नाही. आपल्याला कळलं नाही हे मेंदूच्या लक्षात आलंय, त्याची ती खूण आहे.

मराठीत तर आणखी तीन अडचणी आहेत, आणि इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून बनवलेली ॲप्स त्यांचा विचार करतीलच असं नाही.

पहिली, शब्द मोजण्याची. इंग्रजीत ‘इन फ्रंट ऑफ द हाउस’ हे पाच शब्द होतात. मराठीत ‘घरासमोर’ हा एकच. आपले प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात, इंग्रजीत ती सुटी असतात. त्यामुळे तेवढाच अर्थ मराठीत कमी शब्दांत बसतो. तुमचा मराठीचा आकडा २३८ पेक्षा कमी आला म्हणून तुम्ही हळू वाचता असं अजिबात नाही. इंग्रजीचा आकडा मराठीला लावूच नका.

दुसरी, अक्षरांची. ‘विद्यार्थ्यांसाठी’ हा शब्द बघा. उच्चाराला वि-द्या-र्थ्यां-सा-ठी अशी पाच अक्षरं. पण युनिकोडमध्ये हाच शब्द १७ चिन्हांनी साठवला जातो, कारण प्रत्येक काना, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षरातला हलन्त वेगळा मोजला जातो. जे ॲप शब्दाची लांबी चिन्हांवरून ठरवतं, त्याचा अंदाज इथे चुकतो. एखादंच अक्षर रंगवणारं ॲप असेल, तर जोडाक्षराच्या मधोमध रंग बदलू शकतो.

तिसरी, पीडीएफची. मराठीतल्या कितीतरी नोट्स जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात. पीडीएफ डोळ्यांना व्यवस्थित दिसते, पण मजकूर कॉपी करून ॲपमध्ये टाकला की भलतीसलती इंग्रजी अक्षरं उमटतात. आणि पीडीएफ स्कॅन केलेली असेल, तर तिच्यात मजकूरच नसतो, नुसता फोटो असतो. अशा पानावर गुगल लेन्स धरलं तर देवनागरी ओळखली जाते, पण चुका तपासाव्या लागतात. परीक्षेच्या तोंडावर पाचशे पानांसाठी हा उद्योग परवडणारा नाही.

अनेक पुस्तकं एकदम : ही सवय फोननं आणलेली नाही

एका वेळी एकच पुस्तक वाचावं, असा काही नियम नाही. आपल्याकडच्या बहुतेक वाचनालयांत वर्गणीच्या वर्गावरून ठरतं, की एका वेळी किती पुस्तकं घरी न्यायची. कोल्हापूरला तर वाचनालयांची मोठी परंपरा आहे. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आहे. कोल्हापूर संस्थानानं १९४५ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, भारतातला असा पहिला कायदा. महाराष्ट्राचा कायदा त्यानंतर बावीस वर्षांनी, १९६७ मध्ये आला. एक पुस्तक दिवाणखान्यात, एक उशाशी, अशी सवय आपल्या आजी-आजोबांच्या पिढीलाही होतीच.

मग अडचण कुठे येते? पुस्तकांच्या संख्येत नाही, तर पुस्तकं कशी निवडली आणि एकातून दुसऱ्यात उडी कधी मारली, यात.

एकसारखी दोन पुस्तकं एकदम वाचली की गोंधळ होतो. राज्यघटनेची दोन वेगळ्या लेखकांची पुस्तकं एकाच आठवड्यात समांतर वाचली, तर कुठला मुद्दा कुठल्या पुस्तकातला, कुठला क्रमांक कशाचा, हे एकमेकांत मिसळतं. राज्यघटना, इतिहास, पेपर आणि कादंबरी असं वेगवेगळं असेल, तर मिसळ व्हायला वावच कमी राहतो.

दुसरा मुद्दा उडीचा. सोफी लेरॉय या संशोधिकेनं २००९ मध्ये दाखवून दिलं, की अर्धवट काम सोडून दुसऱ्या कामाला लागलं तर लक्षाचा काही भाग आधीच्या कामातच अडकून राहतो. म्हणून प्रकरणाच्या मध्ये पुस्तक बदलू नका. निदान उपशीर्षक संपू द्या.

आणि आता फायद्याची गोष्ट. रोडिगर आणि कार्पिक या दोन संशोधकांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी तो उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. अनेक पुस्तकं वाचताना प्रत्येक पुस्तकात दोन-तीन दिवसांचा खंड आपोआप पडतो. पुस्तक परत उघडण्याआधी ‘मागच्या वेळी काय वाचलं होतं?’ हे एक मिनिट आठवलं, की तोच खंड उजळणीचं काम करतो. न आठवता सरळ पुढचं पान उघडलं, तर तोच खंड विसरायला मदत करतो.

प्रत्येक पुस्तकाचा गिअर वेगळा

पुणे-बंगळूर हायवेवर जो गिअर चालतो, तो करूळ घाटात चालत नाही. वाचनाचंही तसंच आहे. मी मावसबहिणीला चार गिअर पाडून दिले.

पहिला गिअर : राज्यघटना, अर्थशास्त्र. नवीन संकल्पना असलेलं पुस्तक. मागे जायची पूर्ण मुभा. इथे वेग वाढवायचा प्रयत्नच करायचा नाही.

दुसरा गिअर : इतिहास, भूगोल. ज्यातलं थोडंफार शाळेपासून माहीत आहे. आधी दोन मिनिटं फक्त शीर्षकं, नकाशे आणि प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य बघायचं, मग सलग वाचायचं. वेगाचा सराव करायला हीच योग्य जागा, कारण ओळखीच्या मजकुरात वेग वाढला तरी समज लगेच कोसळत नाही.

तिसरा गिअर : पेपर. इथे चाळणंच बरोबर. सगळी बातमी वाचायची गरज नसते. नेमकं काय हवंय ते ठरवून नजर फिरवायची. रेनर यांच्या आढाव्यातही हेच म्हटलंय, की नुसता अंदाज घ्यायचा असेल तिथे चाळणं उपयोगाचं ठरतं.

चौथा गिअर : कादंबरी. इथे टायमर बंद. वि. स. खांडेकर कोल्हापुरात राहिले. त्यांची ‘ययाति’ १९५९ मध्ये आली आणि तिला पुढे ज्ञानपीठ मिळालं. ही कादंबरी ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापल्या तोंडून सांगतात. सांगणारा बदलला की तीच माणसं वेगळी दिसतात. एकेक शब्द चमकवत हे वाचलं, तर गोष्ट कळेल, पण कोण बोलतंय आणि का, हे हातून जाईल. कादंबरी लवकर संपवून मिळवायचं तरी काय?

कागद कशासाठी आणि फोन कशासाठी, हेही ठरवता येतं. २०१८ मध्ये ५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला होता. सहभागी झालेले लोक १ लाख ७० हजारांहून जास्त. माहितीपर मजकूर कागदावर वाचणाऱ्यांना जास्त समजला, आणि वेळेचं बंधन असताना हा फरक आणखी वाढला. फक्त कथा वाचताना मात्र तसा फरक दिसला नाही. म्हणून शक्य असेल तर पहिल्या गिअरचं पुस्तक कागदावर घ्या आणि कादंबरी खुशाल फोनवर. आपण बरोबर उलट करतो. अर्थशास्त्र फोनवर आणि कादंबरी कागदावर!

फोनला कामाला लावा : दोन आठवड्यांचा सराव

यासाठी विकतचं ॲप लागत नाही. फोनमधलं स्टॉपवॉच आणि नोट्स पुरे.

१. आपला वेग मोजा. पुस्तकातल्या पाच ओळींचे शब्द मोजा, पाचने भागा, पानावरच्या ओळींनी गुणा. समजा पानावर २५० शब्द आले आणि वाचायला १०० सेकंद लागले. २५० भागिले १०० गुणिले ६०, म्हणजे मिनिटाला १५० शब्द. प्रत्येक पुस्तकाचा आकडा वेगळा लिहून ठेवा.

२. आकड्याशेजारी समज लिहा. पान मिटून फोनच्या रेकॉर्डरवर तीन वाक्यांत सांगा की काय वाचलं. मग पुस्तकाशी ताडून बघा. तीनपैकी किती बरोबर? समजेचा आकडा सोबत नसेल तर वेगाच्या आकड्याला काही अर्थ नाही.

३. प्रत्येक पुस्तकाची एक नोट ठेवा. तीनच ओळी. पान क्रमांक, शेवटचा मुद्दा, आणि पुढे कशाचं उत्तर शोधायचंय तो प्रश्न. पुस्तक बदलताना ही नोट लिहायची, परत येताना आधी आठवायचं आणि मगच नोट उघडायची.

४. एका बैठकीत एक पुस्तक. २५ ते ४० मिनिटं, फोन ‘डू नॉट डिस्टर्ब’वर. दिवसभरात तीन पुस्तकं चालतील, पण दर पाच मिनिटांनी पुस्तक बदलणं म्हणजे रील्स बघणंच झालं.

५. वेगाचा सराव फक्त दुसऱ्या गिअरला, रोज दहा मिनिटं. नेहमीपेक्षा थोडं जास्त वेगानं वाचा आणि लगेच तीन वाक्यं सांगा. समज टिकली तर दुसऱ्या दिवशी तोच वेग ठेवा. समज पडली की वेग कमी करा.

मावसबहिणीनं हे केलं तेव्हा एक गोष्ट तिच्या स्वतःच्याच लक्षात आली. तिचा एकच असा वेग नव्हताच. पेपर ती भराभर वाचत होती, अर्थशास्त्रात अडखळत होती. आणि अडखळायची जागा ठरावीक होती. ‘राजकोषीय तूट’, ‘चालू खाते’ असे शब्द आले की डोळे मागे जायचे. अशा शब्दांची यादी करून तिनं आधी ते पक्के केले. त्यानंतर तेच प्रकरण तिनं कमी वेळात संपवलं, कारण आता अडायला कारणच उरलं नव्हतं. कोर्स घ्यायचा नाही, हे तिचं तिनंच ठरवलं.

परीक्षेत याचा उपयोग कसा?

राज्यसेवा पूर्वपरीक्षेच्या दुसऱ्या पेपरला, म्हणजे सी-सॅटला, ८० प्रश्न आणि दोन तास असतात. सरासरी एका प्रश्नाला दीड मिनिट. त्यात उतारेही वाचायचे. वेग इथे खरंच लागतो, हे नाकारून चालणार नाही. पण चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात. उतारा निम्म्या वेळात वाचला आणि त्यावरचे दोन प्रश्न चुकले, तर वाचवलेला वेळ वाया गेला. म्हणून सराव उताऱ्यांवरच करा. आधी प्रश्न नजरेखालून घाला, मग उतारा एकदाच नीट वाचा आणि वेळेसोबत बरोबर उत्तरांची संख्याही लिहा.

आणि एवढं वाचूनही कोर्सला पैसे भरायचेच असतील, तर भरण्याआधी एक मागणी करा. तुमच्या बॅगेतलं पुस्तक द्या, त्यातलं न वाचलेलं पान शिकवणाऱ्यानं निवडू नये, तुम्ही निवडा. ते त्यांच्या वेगानं वाचू देत. मग पुस्तक मिटून त्यावर पाच प्रश्न विचारा. मिनिटाला किती शब्द ते तुम्ही विचारूच नका, पाचपैकी किती बरोबर आले तेवढं मोजा.